चाऱ्यातला च

अकोट्याच्या पलीकडे, गोठा क्रमांक तीन.
हातात मोजणीचं यंत्र. काम एवढंच:
जबडा एकदा हलला की अंगठा एकदा दाबायचा.

पहिले दोन आठवडे वही कोरीच.
रूपेण दूध ओढायची, ढुशी द्यायची,
चावणं नव्हतंच, नुसता गळा
आणि नाकपुडीवर फेस.

अठराव्या दिवशी तिनं सुतळी तोंडात घेतली.
मग माझ्या सदऱ्याचं टोक,
मग गव्हाणीतून उडालेली एक काडी.
जबडा वरखाली, वरखाली, कसाही,
लहान मूल कात्री चालवतं तसा.
काडी तशीच खाली पडली, ओली.
मी लिहिलं: अकरा.

जीवणभाई म्हणाले, "घास शीखवशे."
घास म्हणजे त्यांचं गवत,
माझा तोंडातला.

आणि शिकवलंच.
दीड महिन्यात खालचा जबडा आडवा सरकू लागला,
जात्यासारखा, पण अर्धाच फेरा,
नेहमी डावीकडून.
रजक्याला एक चाल, कडब्याला दुसरी,
पेंडीला जेमतेम सात-आठ.
रात्री रवंथ: एका गोळ्याला एकोणपन्नास,
गोळा खाली,
थांबा,
मानेतून दुसरा वर. कधी बावन्न.
पाचव्या महिन्यात मी पाठ करून बसलो
तरी आवाजावरून सांगायचो, तोंडात काय आहे.

काल मिरजेहून भाचीचा फोन.
मामा, काय करतोस?
म्हटलं, चारा मोजतो.
ती हसली. "चार? कसले चार?"

फोन ठेवून एकटाच म्हणून पाहिलं.
चारा. चावणं. चघळणं. चोथा.
दातांमागं जीभ टेकवून आईनं दिलेला तो च
टाळूकडे सरकलाय.
चोवीस वर्षं इथली गोड डाळ, इथल्या हाका,
इथल्या दुकानदारांशी घासाघीस.
कधी सरकला, कुणी मोजलं नाही.

रूपेण दोन वर्षांची झाली की
दुधाचे पुढचे दोन दात पडतील.
दोनदाती होईल, मग चारदाती.
तेव्हा ही वही दुसऱ्या कुणाकडे असेल.

मी पुन्हा एकदा, मुद्दाम, दातांच्या फटीतून:
च.

तिनं कान वळवले.
जबडा थांबला, तोंडात अर्धा घास.
अंगठा बटणावर तसाच.