गोल की लांब

ओंकारलाल नीमांनी पत्रा आणून टेकवला
मालवा मिलजवळच्या माझ्या दुकानाला,
तीन बाय दोन, एक कोपरा दुमडलेला.
म्हणाले, पेंटरसाहेब, हॉटडॉग काढा.

अक्षरं लाल, खाली काळी सावली.
‘हॉ’वरचा चंद्र जरा मोठाच दिला,
चौकातून दिसावा म्हणून.
चित्राशी अडलो नाही.
हॉटडॉग म्हणजे गोल पाव, मधून चिरलेला,
तुपात दाबून दाबून लाल केलेला,
पोटात बटाट्याची टिक्की.
इंदुरात जन्मलेल्याला आणखी काय ठाऊक असणार?

पत्रा टांगला त्याच संध्याकाळी
दाणी मास्तरांचा नातू आला, शिकागोचा, पाठीवर पिशवी.
वर बघून हसला.
काका, हा लांब असतो. बोटासारखा.
मी माझं बोट बघितलं. लाल होतं.

मग सांगत बसला:
आमच्याकडे मोहरीची चटणी, वर लोणच्याची अख्खी फोड,
आणि केचप मागणाऱ्याकडे
दुकानदार पायापासून डोक्यापर्यंत बघतो.
पलीकडच्या गावात आंबवलेली कोबी,
त्याच्या पलीकडे खिमा,
आणि प्रत्येक गाव बाकीच्यांना अडाणी म्हणतं.
ओंकारलालांचा उलथणं धरलेला हात थांबला नाही.
म्हणाले, “भिया, मग तर आपलंच गाव झालं ते.”

खरंच होतं.
त्यांच्या घरातच दोन गावं होती.
थोरला टीकम: कच्चा कांदा, हिरवी चटणी, वरून जीरावण, बस.
धाकटा लोकेंद्र: शेव पाहिजे. लवंगेची. जाड.
शेव पोह्यावर, टीकम म्हणायचा, इथं कशाला, वरात आहे का?
लोकेंद्र आला की मी पिवळ्या रेघा ओढायचो.
आठ दिवसांनी टीकम यायचा,
रेघांवर तपकिरी हात फिरवायचो.
मल्हारगंजच्या एक बाई खास रिक्षा करून आल्या,
बोर्डावरचा कांदा बघून आमचे लोक थांबत नाहीत, म्हणाल्या.
कांदा गेला.
बँकेतले बर्वे म्हणाले, कांदा नाही तर तो हॉटडॉग कसला?
कांदा आला.
पैसे दर वेळी मिळाले, खोटं कशाला बोलू.
पण टिक्कीपेक्षा रंगाचा थर जाड झाला,
उन्हात पापुद्रे सुटायचे, त्यातून
मागच्या महिन्याचं भांडण डोकवायचं.

दिवाळीनंतर गाड्या दोन झाल्या.
एक डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये नाली.
पत्रा कुणाचा, यावर चार माणसं बसली.
ओंकारलाल रात्री माझ्याकडे आले, एकटेच,
हाताला तुपाचा वास.
म्हणाले, वरचा पाव बंद करून टाका.
आत काय आहे ते दिसायला नको.

बंद केला.
सगळ्यावरून एकच गोल फिरवला, बदामी,
उजव्या अंगाला पांढरा फटकारा, तुपाची चमक.
आता तो दोन्ही गाड्यांच्या मध्ये खांबावर आहे.
शाळेतली पोरं त्याला कधी सूर्य म्हणतात,
कधी टक्कल.
गिऱ्हाईक खाली उभं राहून विचारतं, शेव कुणाकडे?
दोघंही दुसरीकडे बघतात.

एक सांगायचं राहिलं.
पहिल्या दिवशी, कुणी काही मागायच्या आधी,
मी टिक्कीवर एक लाल रेघ काढली होती.
घरी मी तसाच खातो. केचप घालून. दार लोटून.
शिकागोवाल्याचं ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी
शिडी लावून त्यावर कांदा काढला,
मग बाकीचं सगळं.

ती आहे अजून.
सगळ्यात खाली.
पुसलेली नाही, झाकलेली.