रीडिंग

तेहतीस वर्षं मी पायसांदू गावाच्या पाण्याची मीटरं वाचली.
फाटकाआतलं लोखंडी झाकण उचलायचं,
कोळ्याचं जाळं बोटानं सारायचं,
काच अंगठ्यानं पुसून आकडा लिहायचा. पुढचं घर.

पोटरीवर तीन चावे आहेत. मधला पुल्गाचा.
पुल्गा म्हणजे पिसू. डोन्या एतेल्विनाची कुत्री,
मला बघितलं की फाटक हलेस्तोवर भुंकायची.
मग एका मार्चमध्ये त्या घराचं मीटर हललंच नाही.
आत्ताचा आकडा वजा मागचा आकडा, शून्य.
भाच्यांनी भांडीकुंडी नेली. पिसू फाटकाशी राहिली.
त्या दिवशी ती भुंकली नाही,
म्हणून घरी आणली.

आता ती अकरा वर्षांची.
पोट घागरीसारखं, पाठीवरचे केस विरलेले,
कातडी इतकी पातळ की खालची शीर दिसते,
आणि तहान.
रात्री दोनला वाडगं कोरडं, तीनला फरशी ओली.
डॉक्टर ओलारियागा म्हणाल्या,
मूत्रपिंडांपाशी दोन ग्रंथी असतात, वालाच्या दाण्याएवढ्या.
त्यांना थांबायचं कळेनासं झालंय.
बरं होणार नाही. आवरता येईल.
सकाळी खाण्याबरोबर एक कॅप्सूल,
आणि रोज पाणी मोजा.

मला सांगता!

स्वयंपाकघरातला मापाचा जग, शाळेची चौकोनी वही.
पहिला दिवस: दोन हजार दोनशे मिली,
बारा किलोच्या जिवाला.
एखाद्या मीटरनं असं दाखवलं असतं
तर मी दार ठोठावून सांगितलं असतं,
बाई, तुमच्याकडे कुठंतरी गळतंय.

बारावा दिवस: सोळाशे.
रक्ताची तपासणी. एक सुई, मग तासभर बाक, मग दुसरी.
तासभर ती माझ्या बुटावर हनुवटी टेकून होती,
त्याच पायावर.
तिसावा दिवस: अकराशे. रात्री मी सलग झोपलो.
चाळिसावा: आठशे. पाठीवर नवे केस,
रंग मात्र वेगळा, काळ्यावर तांबूस ठिगळ.
एक्कावन्नावा: एकशे चाळीस.

मी आकड्याखाली दोन रेघा मारल्या.
तुंब्यात येर्बा भरला, कढत पाणी ओतलं,
आणि शेजारच्या ओफेलियाला वही दाखवली.
ती वहीकडे बघतच नव्हती.
म्हणाली, वाल्देमार, हिचे मागचे पाय थरथरतायत.

वाडग्यातलं मांस सकाळपासून तसंच होतं.
दाराआड पिवळी ओकारी, माझ्या चपलेच्या बाजूला.
ती मी ओलांडून गेलो होतो, जग भरायला.

कमी आकडा म्हणजे काटकसर, नाहीतर बंद घर.
हे मीच नवख्या पोरांना शिकवायचो.

दवाखान्यात सलाइन लागलं. बाहेर जुलैची थंडी,
नदीकडून वारा, आणि ओफेलियाची गाडी
बंद पडेल म्हणून चालूच ठेवलेली.
डॉक्टर म्हणाल्या, कॅप्सूल बंद. मी सांगेपर्यंत बंद.
औषधानं ग्रंथी गप्प करायच्या होत्या, मुक्या नव्हे.
शून्याकडे नाही न्यायचं, वाल्देमार.
मधे कुठंतरी.

मधे कुठंतरी. अशी खूण मी कुठल्या काचेवर पाहिली नव्हती.

वहीत आता रकाने वाढलेत.
खाल्लं का. पायरी चढली का. धापा.
शेपटीचा रकाना ओफेलियानं तिच्या हातानं आखला.
कॅप्सूल पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा लहान,
आणि आम्ही परत पहिल्या पानावर.
नऊशे. साडेनऊशे. सातशे. नऊशे.
मी रेघा मारत नाही.

काल फाटकाशी नवा पोरगा आला, नाहुएल,
पाठीवर खात्याची पिशवी, माझ्यासारखाच डाव्या खांद्यानं झुकलेला.
पिसू ओट्यावरून उठली.
पाय थोडे फाकवून उभी राहिली, बेत आठवतेय अशी,
आणि मग भुंकली.
घोगरी, मधेच खोकला, पुन्हा भुंकली.
पोरगा मागं सरकला, थेट रस्त्यावर.
मी झाकण उचललं, गुडघ्यावर बसलो,
आणि आकडा ओरडून सांगितला त्याला.
ऐकू येईना त्या गोंधळात. तीनदा सांगितला.

जगातलं पाणी तसंच राहिलं.
कालचा रकाना कोरा आहे.