अर्धी सही

खाटेखालून विमलताईंनी काढली तेव्हा
ती चादरीत गुंडाळलेली होती, निळ्या, मोराच्या.
चादर मी आधी ओळखली:
साखर पेठेतल्या मागावरची, किनार बोटभर चुकलेली.
तलवार नंतर.

म्यानावर फौजी चामडं, मूठही फौजी.
कारखान्यातली असणार, शेकड्यानं काढलेली,
असं धरून मी चहा संपवला.
मग दाराशी नेऊन उन्हात तिरपी केली.
एप्रिलचं, बाराचं, सोलापूरचं ऊन
पात्यावरून घरंगळलं
आणि धारेलगत दिसली
दुधावर धरते तशी साय.

मागावर जन्म गेलेल्याला
पोत बोट न लावता कळतो.
हे पोलाद दुमडून ठोकलेलं, पुन्हा दुमडून ठोकलेलं,
ताणा नाही, बाणा नाही, तरी विणलेलं.
नातवाच्या कोटात आजोबा बसावा
तसं जुनं पातं आत बसलेलं होतं,
तीनशे वर्षांचं, कदाचित जास्त.

बांबूची खुंटी ठोकून काढली, मूठ उतरवली,
आणि गप झालो.

मुठीत दडलेल्या लोखंडावरचा काळा गंज
हा जन्माचा दाखला असतो.
तो पुसायचा नसतो. कुणीच.
गिऱ्हाईक येणार म्हणून संजूनं, त्यांच्या लेकानं,
पॉलिशपेपर मारला होता.
"चकाचक केलंय काका."
पेपर संपला म्हणून निम्म्यावर थांबला.
वर उघडं, चांदीसारखं लोखंड.
खाली गंजात, छिन्नीनं कोरलेली दोन अक्षरं.
कोशात बघून तेवढी लागतात मला:
'यानं घडवली.'
कुणी, ते पेपरवर गेलं.

किंमत खोटी सांगता आली असती.
आधी किती आली असती, आता किती, दोन्ही सांगितल्या.
संजू उठून बाहेर गेला. गाडीला किक मारल्याचा आवाज आला.
विमलताई म्हणाल्या,
"मामंजींनी ब्रह्मदेशातनं आणली. ढीग पडला होता म्हणं,
त्यातली एक. किती माणसं खाल्ली असतील हिनं?"
कधी कधी तेही कोरलेलं असतं, मी म्हणालो.
हिच्यावर नाही.
किंवा तेही पेपरवर गेलं.

त्यांनी दिली. एका अटीवर.

ठाण्यात परवान्यासाठी नेली तेव्हा हवालदारानं लिहून घेतलं:
'तलवार, वाकडी, एक.'
यापेक्षा चोख वर्णन मी कुठल्या यादीत वाचलेलं नाही.

दर एक तारखेला खालचे माग बंद करायला लावतो.
हवेतला कापूस बसेपर्यंत थांबतो.
पंखा बंद. तोंडात घडी केलेला रुमाल, श्वास पात्यावर पडू नये म्हणून.
जुनं तेल टिपायचं, पांढऱ्या भुकटीची पुरचुंडी हलकेच आपटायची,
पुसायचं, मग लवंगेच्या वासाचं नवं तेल,
इतकं कमी की लावलं की नाही अशी शंका यावी.
बायको दारातून विचारते,
"आज कुठली दाढ दुखतेय तिची?"

मुठीजवळ मोहरीएवढा तांबडा डाग आहे.
ओल्या कुंकवाखाली धरलेला गंज,
सत्तर खंडेनवम्यांचा.
तिकडच्या कारागिराला फोटो पाठवला. त्यानं कळवलं,
निघेल, पण सहाणेवर प्रत्येक वेळी पातं थोडं संपतं.
मी राहू दिला.
इतकी वर्षं झिजून ते माझ्यापर्यंत आलंय,
आणखी माझ्यासाठी कशाला झिजवू.

आणि ती अट: खंडेनवमीला पूजेला आणायची.
त्याच चादरीत गुंडाळून, रिक्षातून, मांडीवर आडवी.
पहिल्या वर्षी त्यांनी कुंकवात बोट बुडवलं
आणि माझ्याकडे पाहिलं.
मी हातात तेलाची बाटली घट्ट धरून उभा होतो,
बाळंतिणीच्या खोलीबाहेरच्या नवऱ्यासारखा.
"बरं बाई, म्यानाला लावते," त्या म्हणाल्या,
"तुमचा जीव वरखाली होतोय."

तेव्हापासून म्यानालाच.
पण पूजा झाली की मी बाहेर काढतो,
दाराशी नेतो, तिरपी करतो.
दरवर्षी त्या चष्मा पुसतात, वाकतात, म्हणतात,
लोखंडच तर दिसतंय.
यंदा बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग पदरानं तोंड झाकून घेतलं, श्वास पडू नये म्हणून,
आणि पदराआडूनच म्हणाल्या,
"होय की.
साय."