शुद्धिपत्र

सांगलीत, हळदीच्या पेठेमागं,
जिथं उन्हाळ्यात कोरा कागदसुद्धा पिवळा वाटायचा,
एका छापखान्यात मी मुद्रितं तपासायची.
लग्नपत्रिका, साखर कारखान्याचे अहवाल,
कुस्त्यांच्या मैदानांची हँडबिलं.
घरी माझं कुणी ऐकत नसे,
इथं निदान वेलांट्या ऐकायच्या.

एका चैत्रात आदगोंडा मगदूम आले.
रेशमी रुमालात पोथी, बस्तीतल्या कपाटातली.
पाचशे प्रती. घाई नाही.
"एकच सांगतो, हिच्यात चूक नाही.
दिसलीच, तर ती तुमच्या डोळ्यांत हाय असं समजायचं."
मी मान हलवली. सगळे लेखक असंच म्हणतात;
इथं लेखकच नव्हता, एवढाच फरक.

शमुवेल आवळे खिळे जुळवायचा.
मिरजेहून सायकलनं यायचा,
रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचा.
"आमचे पाळक बी हेच सांगतात, बाई,
काना-मात्रेसकट देवाचा श्वास.
पण खिळा उलटा असतोय.
म्हंजे देवाचं बोलणं मी रोज उलटं वाचतो
अन् कागदावर ते सुलटं हुतं.
ह्यात माझा हात किती, त्याचा किती?"
असं म्हणून 'क्ष' शोधायला
त्यानं खालचा खण उपसला.
'क्ष' कायम कमी पडायचे.

बेचाळिसाव्या पानावर मी थांबले.
जीव मारावा.
चष्मा पुसला. पुन्हा तेच.
मूळ पोथी उघडली: तिथंही तेच,
आणि दोन शब्दांच्या मध्ये एक भोक,
तांदळाच्या कणीएवढं, कडा कुरतडलेल्या.
कसर लागली होती.
एका अक्षराची कसर.

मगदूम आले तेव्हा दिवेलागण झाली होती,
म्हणून चहाला नको म्हणाले, पाण्यालाही.
मी पान पुढं केलं.
"छापू? आहे तसं?"
त्यांनी पोथीचं पान उजेडाकडं धरलं,
त्या भोकातून कितीतरी वेळ बघत राहिले.
"'न' पाहिजे तिथं."
"पोथीत नाही."
"हुता."
"तुम्ही बघितला होता?"
"न्हाई."
"मग कुणी सांगितलं?"

ट्यूबभोवती पाखरं जमली होती.
एक शाईच्या तबकडीवर बसलं, चिकटलं.
मगदूमांनी बोलणं सोडलं, पोथी बाजूला ठेवली,
वाकून करंगळीच्या नखानं
ते सोडवत बसले.
एक पंख काळा झाला.
उडालं नाही; चालत गेलं मात्र.

मग म्हणाले, "आमच्यात भगवंताचा ध्वनी उमटतो.
त्याला अक्षरं नसतात.
ज्याला जसं कळंल तसं.
अक्षरं मागनं आली, ऐकणाऱ्यांनी घातली."
"म्हणजे चूक—"
"तुम्ही लई चिवट हाय, बाई."
हसले नाहीत.
माझ्याच लाल पेननं त्यांनी 'न' घातला.
हात थरथरला; तो 'न' थोडा 'त'सारखा झाला.
शमुवेलनं काही विचारलं नाही.
खणातून बरोबर 'न' उचलला.

दसऱ्याला ग्रंथ बांधून तयार.
पहिल्याच पानावर, ठळक खिळ्यांत:
हा ग्रंथ सर्वथा निर्दाष आहे.
मी वाचलं होतं, शमुवेलनं वाचलं होतं,
मगदूमांनी तर बोट ठेवून.
तिघांच्या सहा डोळ्यांतून एक मात्रा निसटली.

चिठ्ठ्या छापल्या. गोंदाची बाटली घेऊन
मगदूम दोन दिवस छापखान्यात बसले,
पाचशे वेळा स्वतःच्या हातानं चिकटवलं:
'निर्दोष' असे वाचावे.

एकोणीसच्या पुरात पाणी माझ्या कपाटापर्यंत आलं.
ती चिठ्ठी सुटून कुठं गेली कोण जाणे.
पुस्तक गच्चीवर वाळवलं,
पानं फुगलीत, काही एकमेकांना धरून बसलीत.
बेचाळिसावं उघडतं अजून.
'न' वाचता येतो.