तरसाचा डावा डोळा

गंगापूर रोडवरून आत वळलं की
चिंचेमागे ती बसकी दगडी इमारत.
तिकीट पाच रुपये. चपला बाहेर.
देवळात काढतात तशा काढल्या
आणि उंबऱ्यातच वास आला:
डांबरगोळ्या, फॉर्मलिन, जुना पेंढा.
नानांचा खाकी सदरा.

पहिल्या दालनात गिधाड.
मानेची पिसं कसरीनं खाल्लेली,
खाली वळणदार अक्षरात:
'पांढऱ्या पाठीचे. मादी. हरसूल.'
दोन मुलं तिच्यासोबत फोटो काढत होती.
एक विचारत होता, हे खरंच होतं का रे आपल्याकडे?
होतं, म्हणणार होते. नाही म्हटलं.

बरण्यांतले गंगेचे मासे,
मरळ, वाम, खडस,
इतके पांढरे पडलेत की
चिठ्ठी वाचल्याशिवाय कुणीच कुणी नाही.

नाना इथे पेंढा भरायचे.
हुद्दा शिपाई, काम हे.
हाताला सोमलाच्या साबणाचा वास,
म्हणून आई त्यांचा तांब्या वेगळा ठेवायची
आणि मी शाळेत सांगायचे, वडील कॉलेजात असतात.
एवढंच.
ते होते तोवर इथे एकदाही आले नाही.

काचेचे डोळे कलकत्त्याहून पोस्टानं यायचे,
कापसात गुंडाळून, जोडीजोडीनं.
त्या उन्हाळ्यात एक फुटून आला,
जेवताना म्हणाले होते, मीठ वाढ म्हणावं तसं.

माझ्याकडे एक गोटी होती, मधाच्या रंगाची,
आत काळा पीळ.
झुबेरकडून सलग तीन डाव जिंकलेली.
ती गेली.
मी माधवला मारलं, डोक्यात, फुटपट्टीच्या कडेनं.
तो रडला नाही, नुसता म्हणत राहिला, मी नाही घेतली.
नाना ताटावरून उठले.
म्हणाले, जाऊ द्या, कुठे जाणार आहे?

कुठेच नाही गेली.
चव्वेचाळीस वर्षं इथेच होती,
जमिनीपासून दोन फुटांवर, तरसाच्या तोंडावर.
उजवा डोळा कलकत्त्याचा, नेमका, मेलेला.
डावा माझा:
जरा मोठा, पापणीत न मावणारा,
आतल्या पिळामुळे भलतीकडेच पाहणारा.
त्या एका डोळ्यानं अख्खं तरस
आत्ता काहीतरी आठवल्यासारखं दिसतं.

मॅडम, काचेला हात नको.
छातीवर पाटी: ला. रा. गांगुर्डे.
मी म्हटलं, याचा हा डोळा...
'तो तसाच आहे. पोरं बिचकतात,
म्हणून साहेबांनी बदलायला सांगितला होता.
जुळता मिळाला नाही.'
मग जरा थांबून, खांद्यावरच्या फडक्यानं
मी हात टेकवला होता तेवढीच काच पुसली.

बाहेर चपला उन्हानं तापल्या होत्या.
एका पायात घालून माधवला फोन लावला.
रिंग जात राहिली.
आधी फुटपट्टीचं बोलायचं
की आधी तरस सांगायचं,
ठरेना.
त्यानं उचलला तर म्हणेल,
काय गं, अशी अवेळी?