उणे अठ्ठ्याऐंशी

पत्र्याच्या पोटात रेंज शिरत नाही
हे मला पंधरा वर्षांनी कळलं.
चारशेसातची बॉडी हजिऱ्याच्या मिस्त्रीने बांधलेली,
आत दोन बाक, शेगडी, हातभर देव्हारा,
बाहेर चकचकीत अ‍ॅल्युमिनियम.
ऊन परतवतं, पाऊस परतवतं,
आणि टॉवरवरून जे येतं तेही
दारातूनच वाटेला लावतं.

चित्रांगदा म्हणते, बाबा, हा डबा आहे.
डब्यात लोणचं टिकतं. व्हिडिओ नाही.

ग्वाल्हेरच्या मेळ्यात आमचा आकाशपाळणा,
आणि गाडी त्याच्याच पायाशी.
पाळणा फिरला की फोनमधला आकडा हलतो:
उणे एकशे चार, उणे एकशे बारा,
पुन्हा चार, पुन्हा बारा.
एवढं लोखंड समोर घुमत असताना
लहरींनी सरळ यावं तरी कसं?

मला वाटायचं, आकडा मोठा म्हणजे जोर मोठा.
ती म्हणाली, अलीकडची आडवी रेघ बघा.
उण्याचा हिशेब मला नको शिकवूस, म्हटलं,
तीन मेळे झाले, माझ्या वहीत दुसरं आहे काय!

तोंडी परीक्षा रविवारी चारला.
डायलिसिसचा डिप्लोमा, परीक्षक जबलपूरला.
पाळणा थांबवा असं ती म्हणाली नाही.
मीही विचारलं नाही.
रविवार होता.

माईकवाल्या इर्शादने नया बाजारातून
पाटासारखा एक अँटेना आणून दिला.
वायर आखूड ठेव भाऊ, म्हणाला,
लांब केलीस तर मिळवलेलं वाटेतच सांडतं.
मग झालरीचा एक बांबू उपसला,
टपाला भोक पाडलं, भोवती डांबर,
बायको खालून ओरडतेय, गळेल, गळेल.

समोरच टॉवर. दुकानांच्या वर, हाकेवर.
त्याच्याकडे तोंड केलं तर चारही दांड्या भरल्या
आणि साधं पान उघडेना.
अख्खा मेळा त्याच्याच पदराला लोंबकळलेला:
सॉफ्टीवाले, ब्लँकेटवाले, हरवलेल्या पोरांचे बाप.

मी बांबू वळवत गेलो, बोटबोट.
ती आतून आकडे ओरडत होती
लिलावात बोली लावावी तसे.
शंभर. एकशे सहा. शंभर. सत्त्याण्णव.
मुरारच्या बाजूला, धुक्यात, पार लांब
एक लाल दिवा होता. त्याला कधी मोजलंच नव्हतं.

अठ्ठ्याऐंशी! बाबा, हलू नका!

क्लॅम्पचा नट तेवढ्यात हातातून सुटून
खाली गर्दीत गेला होता.
चारला पाच मिनिटं कमी.
मी हललो नाही.

जानेवारीतला टप. पायाखाली बर्फाची लादी.
खटक्यावर भाचा, पाळणा भरलेला,
माणसं वर जाऊन किंचाळत होती, खाली येऊन हसत होती.
झरोक्यातून तिचा आवाज येत होता,
आम्हाला न बोलता येणारी भाषा बोलणारा,
त्यातलं मला एवढंच लागलं:
रक्त बाहेर जातं, फिरतं, परत आत येतं.
मध्ये एकदा काहीतरी विचारलं त्यांनी.
बराच वेळ शांतता.
मला वाटलं गेली रेंज, मनगट आवळलं.
मग ती म्हणाली, नहीं पता, सर.
स्वच्छ. एकही अक्षर न तुटता.

निकाल मार्चात.
तोवर गाडी कुठल्या गावात असेल, सांगता येत नाही.
बांबूवर नेलपॉलिशने तिने बाण काढलाय मुरारकडे,
पण पुढच्या मैदानात तो बाण खोटा ठरणार,
हे तिलाही ठाऊक आहे.

नवा नट आणला.
बसवलाय, पण पुरता आवळला नाही.