हात लावायचा नाही

फहाहीलच्या शाळेत, अकरावी ब,
प्रयोगशाळेच्या तीन टेबलांवर
सोळा दिवस एक लांबलचक खोडी उभी राहत होती.
सुरुवातीला गोटी. शेवटी टाचणी आणि फुगा.
मधल्या अकरा पायऱ्या तुमच्या, मी म्हटलं,
नियम एकच: एकदा सोडली की हात लावायचा नाही.

तहूरा मुकादमने खजुराची रिकामी खोकी आणली, उतारासाठी.
जिस्नाने चहाच्या कागदी पेल्यांची तरफ केली.
नुफैलचे वडील रिफायनरीत क्रेन चालवतात,
त्याने कप्पी आणली, खरीखुरी, ग्रीसच्या वासाची.
"अब्बा बोलतात, वजनाला ओढायचं नाय,
वाट द्यायची."
ते मी फळ्यावर लिहिलं.
खाली सूत्र लिहायचं राहूनच गेलं.

पहिल्या चाचणीत गोटी चौथ्या पायरीवर थांबली.
घर्षण, मी म्हटलं.
तहूराने उतारावरून बोट फिरवून दाखवलं:
टोकाला पिठासारखी बदामी धूळ.
रात्री तोझ येऊन गेला होता.
खिडक्या बंद असल्या तरी वाळवंट आत येतंच,
हजेरीपटावर नाव नसलेल्या मुलासारखं
गुपचूप मागच्या बाकावर बसतं.
पुस्तकात छापलंय, घर्षण नगण्य माना.
अठरा वर्षं मी मानायला लावलं.

मग रोज सकाळी प्रार्थनेआधी
कुणीतरी ओल्या फडक्याने उतार पुसायचं.
कोण, ते मी विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी मुख्याध्यापकही आले.
गोटी सुटली. ठोकळे पडले. पेला भरला, कलला,
कप्पी कुरकुरली, वजनाला वाट मिळाली,
आणि दहाव्या पायरीवर
खेळण्यातला ट्रक
फळीच्या काठाशी येऊन थांबला,
पुढची दोन चाकं हवेत.

मुख्याध्यापकांनी घड्याळ पाहिलं.
नुफैलचा उजवा हात पुढे गेला,
त्याच्याच डाव्या हाताने तो धरला.
सदतीस जणांनी
श्वाससुद्धा जपून घेतला.

तेव्हा खिडकीतल्या जुन्या एसीला उचकी लागली.
धडाड! दर वीस मिनिटांनी लागते,
तशीच.
टेबलं थरथरली.
ट्रक गेला.
टाचणी. फुगा.
पहिली टाळी दारातून आली,
पोछा काखेत धरून उभ्या टेकबहादूरची.

मग भांडण.
"हे बाहेरचं बल आहे मिस, धरायचं नाही," जिस्ना.
"बाहेरचं कसं?" तहूरा म्हणाली,
"तो आपल्या आधीपासून याच खोलीत राहतो."
यावर मला पटकन काही सुचलं नाही.
मीही इथे व्हिसावरच आहे.
घंटा झाली, बरं झालं.

गुण दिले. कप्पी परत गेली.
गोटी कुठे गेली कुणास ठाऊक.
ड्रॉवरमध्ये एसीच्या तक्रारीचा अर्ज होता,
मार्चपासूनचा चौथा, सही करून ठेवलेला.
अजून तिथेच आहे.